इथं उघडता येईल ते घे

प्रिय बेटा,

तुझं पत्र मिळालं. नागपूरच्या मिहान औद्योगिक भागातली नोकरी, मानेवाड्याला भाड्याच्या दोन खोल्या, डोक्यावर एप्रिल आणि घ्यायचाय एक कूलर. अडकलीस ती बाबांच्या आणि मैत्रिणींच्या मधे. बाबा म्हणतात देशीच घे, मैत्रिणी म्हणतात चांगलं आणि स्वस्त असेल ते घे, आणि तुला दोघांचंही पटतं. शेवटी तू विचारलंस, देशी वस्तू घेणं हे कर्तव्य आहे की नुसती भावना?

देशाबद्दल तुला काय वाटावं हे मी सांगणार नाही. ते तुझ्या घरात तुला मिळालेलं आहे. मी फक्त कसोटी सांगतो, आणि ती एकच आहे. जी वस्तू नागपुरात उघडता येते, जिचा सुटा भाग नागपुरात मिळतो आणि जिला नीट करणारा माणूस नागपुरात बसलेला आहे, ती घे. खोक्यावर काय छापलंय ते त्यानंतर.

खोका बघू नकोस असं नाही, पण नीट बघ. तुमच्या ग्रुपवर फिरतं ना, की बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतातला, ते चूक आहे. त्या आकड्यावरून एवढंच कळतं की कंपनीने बारकोडची नोंदणी भारतात केली आहे. माल कुठेही बनलेला असू शकतो. बघायचं असतं ते बारीक अक्षरात. पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता छापावाच लागतो आणि आयात माल असेल तर मूळ देशही. नुसतं 'मार्केटेड बाय' लिहिलेलं असलं तर तो विकणारा झाला, बनवणारा कोण ते खाली शोध. ऑनलाइन घेतेस तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांमुळे मूळ देश त्या पानावर दाखवणं बंधनकारक आहे. तो बहुतेकदा तळाशी असतो, तिथवर जा.

आणि सगळं वाचूनही अर्धंच कळतं. बाहेरून आलेले भाग इथे स्क्रूने जोडले तरी 'भारतात जोडलेलं' होतं, आणि परदेशी नावाची कंपनी नागपूरजवळच्या बुटीबोरीत पत्रा कापून, रंगवून, चाळीस पोरांना काम देऊन माल काढत असेल तरी नाव परदेशीच दिसतं. सरकारही खरेदी करताना नावावर जात नाही. २०१७ च्या मेक इन इंडिया खरेदी-आदेशात, २०२० च्या सुधारणेनंतर, वस्तूतल्या देशी मूल्याचा वाटा मोजतात. ५० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पुरवठादार पहिल्या वर्गात, २० ते ५० मध्ये असेल तर दुसऱ्या वर्गात. तुला दुकानात उभं राहून हा वाटा मोजता येणार नाही. पण वस्तू इथं उघडते का हे मोजता येतं, त्याला फक्त एक स्क्रूड्रायव्हर लागतो.

आता कूलर. आधी तो काम कसा करतो ते समजून घे, नाहीतर दुकानदार तुला रिमोट दाखवेल आणि तू भुलशील. बाजूच्या ताट्या, म्हणजे पाण्याने भिजणारे पॅड, त्यांतून हवा आत ओढली जाते, पाणी उडतं आणि हवा गार होते. मे महिन्यात, नवतपाच्या म्हणजे महिनाअखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांच्या आसपास, ४५ अंश तापमान आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असते तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर साधारण २४ अंश दाखवतो. कूलर त्याच्या खाली जाऊच शकत नाही. ताट्या चांगल्या भिजलेल्या असतील तर ४५ आणि २४ मधल्या फरकाचा ८० टक्क्यांच्या आसपास भाग तो खाली आणतो, म्हणजे तुला २८-२९ अंशांची हवा मिळते. जुलैत हाच कूलर निव्वळ दमटपणा देतो, त्यात कंपनीचा दोष नाही.

तुझी खोली १० बाय १२ आणि उंची १० फूट म्हणजे १२०० घनफूट. आपल्याकडच्या उन्हात ही हवा मिनिट-दीड मिनिटात बदलली पाहिजे. म्हणजे खोक्यावर ताशी १४०० ते २००० घनमीटर हा आकडा शोध. टाकी किती लिटरची, हे लोक आधी विचारतात. ते नंतर विचार. आणि समोरची खिडकी उघडी ठेव. आत आलेली हवा बाहेर गेली नाही तर अर्ध्या तासात अंग चिकट होतं आणि मग शिव्या कूलरला बसतात.

तुझ्यासमोर दोन पर्याय आहेत, प्लास्टिकचा रिमोटवाला आणि इथल्या कारागिराने बनवलेला पत्र्याचा. दोन्हीकडे मागची जाळी काढायला सांग. दुकानदार काढू देत नसेल तर तिथून निघ. जाळी निघाली की पंप बघ. बाजारात मिळणारा साधा बुडीत पंप, नळी ओढली की निघणारा, असेल तर उत्तम. कंपनीच्या खास खाचेत बसणारा पंप असेल तर तो मे महिन्यात बिघडेल, आणि तो भाग यायला आठवडा लागेल. पंप मरतो तो बहुतेक दोन कारणांनी. एक, टाकी रिकामी होऊन तो कोरडा फिरतो. दोन, आपल्या बोअरच्या जड पाण्याचा क्षार त्याच्या तोंडाशी साचतो. दुसऱ्यावर उपाय आहे, दर पंधरा दिवसांनी पंपाच्या तोंडाची जाळी काढून ब्रशने घासणं. टाकी तर दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून कोरडी पुसायचीच, डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच होतात.

मग मोटर. वाइंडिंग तांब्याचं आहे का ते विचार आणि पावतीवर लिहून घे. तोंडी 'प्युअर कॉपर' सगळेच म्हणतात. पंखा हळू फिरायला लागला, गुणगुणायला लागला आणि पात्याला काठीने ढकललं की सुरू होतो, असं झालं तर बहुतेक वेळा कंडेन्सर (कपॅसिटर) गेलेला असतो. तितक्याच मायक्रोफॅरडचा नवा बसवला की संपलं, हा अगदी स्वस्त भाग आहे. लोक इथे मोटरच बदलून घेतात, कारण कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. आणखी एक, इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणारा रिमोटचा कूलर घेऊ नकोस. गोल बटणाचा घे. दुपारी व्होल्टेज खालीवर झालं की बोर्ड जातो, आणि त्या मॉडेलचा बोर्ड सीताबर्डीच्या कुठल्याच दुकानात नसतो.

प्लास्टिकची एक बाजू मात्र खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. त्याला गंज नाही, आणि आतल्या वायरचं आवरण फाटलं तरी कूलरचं अंग करंट मारत नाही. पत्र्याच्या कूलरला दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं चिकटून जातात. म्हणून पत्र्याचा घेतलास तर हिरवी अर्थिंगची वायर अंगाला स्क्रूने बांधलेली बघ, आणि त्या स्क्रूखालचा रंग खरवडलेला आहे का तेही. रंगावर बांधलेली अर्थिंग निरुपयोगी. वायरवर आयएस ६९४ आणि प्लगवर आयएस १२९३ असावं. आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकलास की परवाना चालू आहे का ते कळतं. पत्रा २२ गेजचा माग, २४ चा पातळ असतो, आकडा वाढला की जाडी कमी. गंज लागतो तो टाकीच्या तळाच्या कोपऱ्यांना आणि पंप ठेवतात त्या जागेला, तिथे आतून डांबराचा लेप आहे का ते बोट फिरवून बघ. आणि ताट्या. लाकडाच्या किसाच्या असतील तर दर उन्हाळ्यात बदल. मधाच्या पोळ्यासारख्या जाड कागदी पॅडच्या असतील तर दोन-तीन उन्हाळे चालतात, पण क्षाराने बुजल्या की त्यांतून हवाच जात नाही.

कारागीर म्हणेल, कच्ची पावती घ्या, थोडं कमी करतो. नाही घ्यायची. पक्की पावती, जीएसटीसकट, आणि वॉरंटी त्यावरच. इथलाच माणूस आहे म्हणून सांभाळून घेणं हा त्याच्यावर उपकार नाही. खराब माल खपतो हे कळलं की तो तसाच बनवत राहतो. वाईट निघाला तर परत कर, ऐकलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन लाव. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ नंतर गांधीजींचे सहकारी, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योग संघाचं काम उभं केलं तेव्हा, आपलं आहे म्हणून चालवून घ्या, असं कुणाला सांगितलं नाही. घाणी सुधारली, हातकागद सुधारला, रॉकेलऐवजी तेलबियांच्या तेलावर जळणारा मगनदीप हा दिवा बनवला. आधी वस्तू कामाची केली, मग घ्या म्हणाले.

पहिल्या पगारातून आईला कोसा साडी घ्यायची आहे असंही लिहिलंस. ते थोडक्यात. करवत काठी घे, भंडाऱ्याकडची, आंधळगाव-मोहाडी भागातली. अंगाचा आणि काठांचा रंग वेगळा ठेवून हातमागावर तीन धोटे चालवतात आणि जिथे दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवतात, म्हणून करवतीचे दात उलट बाजूलाही तितकेच स्वच्छ दिसतात. मागे लोंबते, कापलेले धागे दिसले तर ती यंत्रमागाची नक्कल आहे. पदराच्या टोकाचा एक धागा मागून घे आणि बाहेर येऊन जाळ. जळालेल्या केसांचा वास आला आणि राख बोटात चुरली तर रेशीम, वितळून गोळी झाली तर पॉलिस्टर. रंग एकसारखा नसेल तर घाबरू नकोस, कोशाचा धागा तसाच असतो. इथेही तीच कसोटी लावता येते. काठ उसवला तर परत विणून देणारा माणूस ऐंशी किलोमीटरच्या आत आहे.

तुझ्या मैत्रिणी म्हणतील हा म्हातारा जुन्या काळात अडकलाय, दहा मिनिटांत मोबाइलवर ऑर्डर होते तिथे जाळ्या काढायला सांगतो. मला हे तोंडावर ऐकवलेलं आहे, आणि तरी मी हटत नाही. का, ते सांगतो. जळालेली मोटर घेऊन इतवारीत जा आणि रिवाइंडिंगवाल्याचं काम बघ. जुनं कॉइल सोडताना तो फेरे मोजतो, तारेचा गेज मोजतो, खाचांत नवा कागद घालतो, तितक्याच फेऱ्यांचं नवं कॉइल बसवतो, वॉर्निश पाजतो आणि भट्टीत वाळवतो. मोटर पुन्हा उभी राहते. आपण सगळ्यांनी न उघडणारे कूलर घेतले तर त्याच्याकडे काम येत नाही आणि त्याचा मुलगा डिलिव्हरीला लागतो. मग पुढच्या उन्हाळ्यात तू उघडता येणारा कूलर घेतलास तरी तो उघडून नीट करणारा माणूस नसतो. पैसा देशात राहिला की बाहेर गेला याचा हिशेब अर्थतज्ज्ञांना करू दे, माझी काळजी हातातलं कसब जाण्याची आहे. पैसा पुन्हा कमावता येतो. गेलेलं कसब परत आणायला एक पिढी लागते, आणि कधी कधी ती पिढीही पुरत नाही.

हे नागपूर १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झालेलं शहर आहे. आमच्या पिढीने स्वदेशीवर खूप टाळ्या वाजवल्या आणि दुकानात शिरताना चकाकी बघितली. मिलच्या जागी आता मिल नाही, आणि कोष्टी-हलबा विणकरांच्या वस्त्यांतले माग किती उरलेत ते तूच एकदा गोळीबार चौकात फिरून बघ. मला त्याचं दुःख आहे आणि त्या दुःखामुळेच मी तुझ्याशी इतकं जोरात बोलतोय. रागावू नकोस.

प्रत्येक ठिकाणी हा हट्ट धरू नकोस मात्र. आजीच्या साखरेच्या मशीनच्या पट्ट्या, डॉक्टरने सांगितलेलं औषध, तुझा ऑफिसचा लॅपटॉप, इथे अचूकता आणि भरवसा बघ, देश नको बघूस. लॅपटॉपचं तेवढं बघ, बॅटरी आणि मेमरी बदलता येते का. इथं उघडता येतं का, हे तिथेही विचारायचंच.

आता सगळ्यात आधीचं काम, कूलर घेण्याच्याही आधीचं. घरमालकाला फोन कर. मानेवाड्याच्या जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून फेज आणि अर्थिंगमध्ये दिवा लावून तपासायला सांग. दिवा पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे, मंद पेटला तर अर्थिंग कमजोर, पेटलाच नाही तर अर्थिंग नाही. आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवून घे. मालक खर्चाला कुरकुर करेल तर निम्मे तू दे. आरसीसीबी आधीपासून असेल तर दिवा लावताना ती पडेल. पडली तर घाबरू नकोस, ती काम करते आणि अर्थिंगची वायर जोडलेली आहे एवढं त्यातून कळतं; अर्थिंग पुरेसं आहे का ते इलेक्ट्रिशियनला वेगळं तपासायला सांग. पाणी भरताना प्लग काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून चालत नाही, आणि पायात चप्पल हवी.

हे झालं की मला कळव. दोन्ही कूलरचे जाळी काढलेले फोटो पाठव, पंपाचा आणि मोटरच्या पट्टीचा जवळून. त्या पट्टीवर वॅट आणि बनवणाऱ्याचं नाव असतं. शनिवारच्या आत पाठवलेस तर बरं, रविवारी दुकानात गर्दी असते आणि कुणी जाळी काढून दाखवत नाही.

तुझा,
काका