पाऱ्यापासून शेगडीवर सोनं बनवता येतं का?

तुम्ही लिहिलंय की चोपड्याजवळच्या तुमच्या गावात एका माणसाने मुशीत पारा घेतला, त्यात कसलासा पाला चुरून टाकला, शेगडीवर ठेवला आणि तासाभरात तुमच्या डोळ्यांदेखत सोनं काढून दाखवलं. सराफाने ते कसाला लावलं तर खरं निघालं. आता ही विद्या शिकवायचे तो पन्नास हजार मागतोय. त्यात तुमचा भाचा म्हणतो की पुस्तकातल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात पारा ८० नंबरला आणि सोनं ७९ ला आहे, एकाचाच फरक, मग का जमू नये?

आधी एक सांगतो : पैसे देऊ नका. आता कारण.

माझे वडील, आप्पा, जळगावात दागिने घडवायचे. आमच्याकडे कामाच्या खोलीतला केर कधी बाहेर टाकला जात नसे. बसायच्या जागेखालची माती, शेगडीतली राख, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, सगळं डब्यात साठवायचं. वर्षातून एकदा झारेकरी यायचा. तो ती माती पाण्यात धुऊन काढायचा, उरलेल्या काळ्या गाळात पारा ओतायचा आणि तळहाताने घोळत बसायचा. गाळात विखुरलेले सोन्याचे बारीक कण पारा धरून ठेवायचा. मग ते फडक्यात घालून पिळलं की मोकळा पारा थेंबाथेंबाने खाली, आणि फडक्यात लोण्यासारखा मऊ, पांढरा गोळा. पिवळेपणाचा मागमूस नाही. तो गोळा मुशीत तापवला की पारा उडून जायचा आणि तळाशी मळकट पिवळी, भोकाभोकांची ढेप राहायची.

मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. ओरडलोच, ‘आप्पा, पाऱ्याचं सोनं झालं!’ आप्पा म्हणाले, ‘सोनं मझारच व्हतं, भाऊ.’ म्हणजे सोनं आधीपासून आतच होतं.

तुम्हाला दाखवलं ते बहुतेक हेच. सोन्याचा चुरा आधीच पाऱ्यात मुरवून आणायचा, किंवा पाल्यात लपवायचा, किंवा ढवळायच्या पोकळ काडीत भरून तोंड मेणाने बंद करायचं. ही काडीची युक्ती शेकडो वर्षं जुनी आहे. पारा ३५७ अंशांना उकळतो, सोनं १०६४ अंशांना वितळतं. त्यामुळे शेगडीवर पारा जातो आणि सोनं राहतं. कसाला ते खरं उतरणारच, कारण ते खरंच सोनं आहे, फक्त त्याच्या खिशातलं. तुम्ही वजनाचं काही लिहिलेलं नाही. मुशीत पारा किती तोळे होता आणि हाती सोनं किती आलं, एवढं आठवून बघा.

आता भाच्याचा प्रश्न. मला तो फार आवडला, कारण तो अगदी बरोबर जागी बोट ठेवतोय.

सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासतो आणि त्या पिवळ्या रेघेवर तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल लावतो. तांब्या-चांदीची भेसळ विरघळून जाते, सोन्याची रेघ तशीच राहते. अम्लराजात, म्हणजे एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात, सोनंही विरघळतं. पण तिथेही ते संपत नाही. पुढची प्रक्रिया केली की तेच सोनं तेवढंच परत मिळतं. यालाच मूलद्रव्य म्हणायचं. आपल्या रावेर-यावलच्या मळ्यातही हेच चालतं. शेतकरी केळीला पोटॅश घालतो, ते मुळांवाटे खांबात चढतं. खांब वाळवून जाळला तर पोटॅशियम राखेत सापडतं. मातीत, झाडात, राखेत रूप बदललं, पोटॅशियम तेच राहिलं. हम्फ्री डेव्हीने १८०७ साली वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून वीज सोडून तो धातू पहिल्यांदा सुटा केला.

आग, आम्ल, पाला, मंत्र, काहीही वापरा, हात फक्त अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनपर्यंत पोहोचतो. सगळं रसायनशास्त्र त्या बाहेरच्या ओसरीवर चालतं. मूलद्रव्याची ओळख मात्र माजघरात, केंद्रकात असते. केंद्रक आहे हे रदरफोर्डने १९११ मध्ये मांडलं. मूलद्रव्याचा नंबर म्हणजे केंद्रकावरचा धनभार, म्हणजेच त्यातल्या प्रोटॉनची संख्या, हे मोजलीने १९१३ मध्ये क्ष-किरणांवरून दाखवलं. त्याच्या ४४ वर्षं आधी मेंडेलिव्हने मूलद्रव्यांचा तक्ता मांडला होता, तो अणुभारावर. म्हणजे ८० आणि ७९ मधला ‘एकाचाच फरक’ हा केंद्रकातल्या एका प्रोटॉनचा फरक आहे, आणि तो प्रोटॉन हलवायला रासायनिक क्रियेच्या लाखो पट ऊर्जा लागते. शेगडीत ती नसते.

आणि हो, पाऱ्याचं सोनं खरोखर झालेलं आहे. १९४१ साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी पाऱ्यावर वेगवान न्यूट्रॉन सोडले आणि सोन्याचे अणू मिळाले. पण ते किरणोत्सारी. अशा सोन्याचा एक प्रकार, सोनं-१९८, पावणेतीन दिवसांत निम्मा उरतो आणि जो जातो त्याचा परत पारा होतो. भाच्याला हे जरूर सांगा.

एक विनंती मात्र आहे. जुन्या किमयागारांना या ठगाच्या पंक्तीला बसवू नका. ‘किमया’ आणि ‘केमिस्ट्री’ हे शब्द एकाच मुळातून आलेत. सोनं शोधता शोधता त्या लोकांनी ऊर्ध्वपातन, आम्लं, मुशी, भट्ट्या हातात दिल्या. हॅम्बुर्गचा हेनिग ब्रांट १६६९ मध्ये लघवी आटवत बसला होता सोन्यासाठी, आणि त्याला सापडला अंधारात चमकणारा फॉस्फरस. न्यूटननेही किमयेवर ढीगभर कागद लिहिले. त्यांना केंद्रकाची कल्पनाच नव्हती. तुमच्या गावातल्या माणसाला मात्र आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पारा उडतो म्हणजे तो खोलीच्या हवेत येतो, आणि पाऱ्याची वाफ श्वासातून थेट रक्तात जाते. आमच्याकडे येणाऱ्या झारेकऱ्याचे हात म्हातारपणी इतके कापायचे की चहाची बशी धरता येत नसे. तो प्रयोग तुमच्या घरात झाला असेल तर दारं-खिडक्या उघड्या ठेवा आणि मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका. जमिनीवर पाऱ्याचे थेंब दिसले तर केरसुणी फिरवू नका, थेंब फुटून सगळीकडे पसरतात. जाड कागदाने एकत्र करून झाकणाच्या बाटलीत बंद करा. शेगडीजवळ कोण कोण बसलं होतं, त्यात लहान मूल किंवा गरोदर बाई होती का, हे डॉक्टरांना आजच सांगा.