ग्वाल्हेरच्या थंडीत पहिली बैठक

डिसेंबरात ग्वाल्हेरला छोट्या सभागृहात पहिल्यांदा गाणार असशील, तर तासभर आधी पोच आणि तंबोरा गवसणीतून काढून तिथेच ठेव. गारठ्यातून आणून लगेच जुळवलास, तर श्रोत्यांनी खोली भरून उबदार झाली की तारा सैलावतात नि षड्ज, म्हणजे तुझा आधाराचा ‘सा’, उतरतो. तबल्याची गंमत उलटी: धुक्यात पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ओलसर होऊन उतरते, उबेत चढते. म्हणून साथीदाराची हातोडी हाताशी हवीच. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर, वरून ठोकलं की स्वर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. पन्नास माणसांत तबल्याला माईक कशाला? तुझा माईक तोंडापासून वीतभर, मॉनिटर, म्हणजे तुझा आवाज तुलाच ऐकवणारा स्पीकर, माईकच्या पाठीकडे. माईकच्या तोंडासमोर ठेवलास की शिट्टी वाजलीच.