रॅपियर घेताय? आधी माणसं तयार करा

इचलकरंजीत यंत्रमाग 1904 पासून आहेत, त्यामुळे जुन्या मागावर तयार झालेले हात इथं भरपूर मिळतील. पण साधा माग मिनिटाला साधारण 150 पिक, म्हणजे आडवे धागे टाकतो, रॅपियर हा बिनधोट्याचा माग 400 च्या पुढं जातो. या वेगात कच्चं सायझिंग, म्हणजे उभ्या धाग्याला दिलेली खळ, लगेच उघडं पडतं. उभा धागा तुटला की माग थांबतो. तो धागा शोधून, गाठ मारून, वहीतून (उभे धागे वर-खाली करणारी चौकट) आणि फणीतून ओवून माग पुन्हा सुरू करायला कामगाराला किती वेळ लागतो, त्यावरच तुमचं उत्पादन ठरणार. कर्जाचा हप्ता मात्र थांबलेल्या मागाचाही भरावा लागतो! म्हणून माग यायच्या आधीच जॉबरला, म्हणजे माग लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला, चालू रॅपियर कारखान्यात शिकायला पाठवा, पगार देऊन.

आणखी एक, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. रॅपियर आडवा धागा थेट कोनावरून, म्हणजे सुताच्या मोठ्या शंकूवरून घेतो. धोटा गेला की त्यात बसणारी सुताची कांडीही गेली, आणि कांडी भरणाऱ्या बायकांचं कामही. त्यांना आजच कापड तपासणी, मेंडिंग (कापडातले दोष दुरुस्त करणं) शिकवा. कापडाचे दोष त्यांच्या नजरेतून सहसा सुटत नाहीत. बाकी कामगार किती टिकतील, हे वाढलेलं कापड विकलं जातंय का त्यावर आहे. तेव्हा व्यापाऱ्याशी आधी बोला, मग मागांची संख्या ठरवा.