भाचीचं लग्न पाच आठवड्यांवर. लायपोसक्शन उरकून घेऊ का?

«ताई, वय ३८, उंची ५ फूट ३, वजन ६६. दोन सिझेरियन झालीत. कितीही चालले तरी ओटीपोट आणि कमरेच्या बाजू उतरत नाहीत. सर्जननी लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, सुचवलंय. पाच आठवड्यांनी नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, नऊवारी नेसायचीय. घरात फक्त नवऱ्याला ठाऊक आहे. सासूबाईंना मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगून दोन दिवसांत परतता येईल का? — नाशिकची वाचक»

ऑपरेशनला माझी हरकत नाही, तारखेला आहे. सूज आधी तीन ते पाच दिवस चढते आणि मग सावकाश उतरते. पाचव्या आठवड्यात तुमचं पोट जरा टणक, कुठे गाठीगाठींचं, कुठे बधिर असेल, आणि नऊवारीची गाठ नेमकी तिथेच आवळायची! खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने लागतात. तेव्हा लग्न आधी.

तोवर सर्जनकडून दोन गोष्टी पक्क्या करा. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी. नळीने तेवढीच निघते. आतड्यांभोवतीची निघत नाही, आणि लोंबणारी कातडीही जागची हलत नाही. दुसरं, सिझेरियनच्या व्रणापाशी हर्निया नाही ना, हे सोनोग्राफीत बघा. हर्निया लक्षात आला नाही तर नळी आतड्याला लागू शकते. सर्जन प्लास्टिक सर्जरीतला एम.सीएच. किंवा डीएनबी हवा, भूलतज्ज्ञ हजर हवा. मिळून किती लिटर काढणार तेही विचारा. पाच लिटरच्या वर गेलं तर रात्रभर हॉस्पिटलात देखरेख लागते. त्या लिटरांत चरबी काढण्याआधी कातडीखाली सोडलेलं सलाइनही असतं, म्हणून काट्यावर फार फरक पडत नाही.

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्त जास्त वाहू शकतं, म्हणून साधारण दहा दिवस आधी थांबवतात. मात्र डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेलं अ‍ॅस्पिरिन त्यांना न विचारता बंद करू नका. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सांगा, त्यांनी पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. आणि मिश्री. तंबाखू नाही म्हणणाऱ्या बायकाही मिश्री लावतात. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी नीट भरून येत नाही.

आता सासूबाई. पहिले २४ तास कुणीतरी मोठं माणूस शेजारी लागतं. नळी घातलेल्या छिद्रांतून दीड-दोन दिवस गुलाबी पाणी पाझरतं. गादीवर प्लास्टिक, त्यावर जुने टॉवेल घाला. लाल-गुलाबी डाग बघून घाबरू नका, ते बहुतेक सलाइनच असतं. पोट-कंबर आवळून धरणारं घट्ट गारमेंट पहिले दोन-तीन आठवडे दिवसरात्र, मग सहा आठवड्यांपर्यंत सर्जन सांगतील तसं घालायचं. दोन जोड घ्या, एक धुण्यात असतो. दोरीवर तो वाळताना सासूबाईंना दिसणारच! त्यापेक्षा ‘पोटाचं छोटं ऑपरेशन आहे’ एवढं सरळ सांगा, ते खोटंही नाही. शिवाय काही आठवडे भरलेली बादली नि सिलिंडर उचलायचा नाही, तेव्हा घरची मदत लागेलच.

गारमेंटला घडी पडू देऊ नका, तिचा वळ कायमचा राहू शकतो. गारमेंट पहिल्यांदा काढताना दाब एकदम सुटून चक्कर येते, म्हणून बसून काढा, शेजारी कुणी असू द्या, बाथरूमची कडी लावू नका. ऑपरेशनच्या संध्याकाळपासूनच घरातल्या घरात थोडं थोडं चाला, त्याने गुठळीचा धोका कमी होतो. काळंनिळं मांड्यांपर्यंत उतरलं तर काळजी नको, रक्त खाली ओघळतं इतकंच. एखादी जागा पाण्याच्या पिशवीसारखी डुचमळली तर घरी दाबत बसू नका, सर्जन सुईने पाणी काढतील. बैठं काम आठवड्याभरात जमतं, जिम चार-सहा आठवड्यांनी.

एकच पोटरी सुजून दुखणं, धाप, छातीत दुखणं, १०१ च्या वर ताप, पोटदुखी वाढत जाणं, छिद्रातून वास येणारं पाणी: यातलं काहीही झालं की फोनवर विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. मग रात्रीचे दोन का वाजेनात.

पाहुणे गेले की पुढच्या आठवड्यातली तारीख घ्या. मिश्री लावत असाल तर आजच डबी बंद करा, तोवर ऑपरेशनआधी लागणारे मिश्रीविना चार आठवडे भरून जातील.