कीटकांच्या क्लोजअपमध्ये बॅकग्राउंड मऊ येण्यासाठी ९० मिमी सोडून १५० मिमी मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स) घ्यावी का?

एवढ्यात घेऊ नका. मागची गवताची पाती गिचमिड येतात, रेघा रेघा दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. नेमक्या याच तक्रारीवर मी २०१७ साली दिवाळीचा अख्खा बोनस खर्च केला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचा सात-आठ जणांचा ग्रुप होता. रविवारी सकाळी साडेसहाला गोरेगाव स्टेशनबाहेर भेटायचं आणि आरेच्या जंगलात जायचं. तिथल्या एका ओहोळाकाठी मी टाचणीचा, म्हणजे डॅमसेलफ्लाय या बारीक अंगाच्या कीटकाचा, फोटो काढला होता. ग्रुपमधल्या ज्येष्ठ सरांनी तो सगळ्यांसमोर मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "बॅकग्राउंड म्हणजे नुसता कचरा आहे. या लेन्समधून एवढंच येणार." माझ्याकडे ९० मिमी होती. दिवाळीत बोरा बझारला जाऊन मी सेकंडहँड १८० मिमी घेतली, आणि पुढच्या रविवारी त्याच ओहोळावर, त्याच गवतात गेले. फोटोत कचरा तसाच.

कारण साधं आहे, पण ते मला कोणी सांगितलं नव्हतं. टाचणीच्या मागची पाती चार बोटांवर होती. कीटक फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवला आणि अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) तेच असलं, तर इतक्या जवळच्या वस्तूचा धूसरपणा ९० आणि १८० मध्ये जवळजवळ सारखाच येतो. लांब लेन्सचा फायदा दिसतो तो मागची वस्तू दूर असली तरच. झाडं वीस-तीस फुटांवर असतील तर १८० ती खरोखर विरघळवून टाकते, शिवाय तिच्या चौकटीत मागचा तुकडाही लहानसाच येतो. चार बोटांवरच्या पात्याला मात्र लेन्सच्या किमतीशी काही देणंघेणं नाही.

मग पुढच्या पावसाळ्यात एकदा रिमझिम चालू होती. १८० ला स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरायची सोय) नाही आणि उजेड इतका कमी, की हातात धरून शटर स्पीड मिळेना. म्हणून पिशवीतली जुनी ९० लावली. टाचणी उडाली, मी हलले नाही, ती परत त्याच पात्यावर येऊन बसली. (या बाबतीत त्या फार सोयीच्या असतात.) मी गुडघे चिखलात टेकले आणि कॅमेरा वीतभर खाली घेतला. व्ह्यूफाइंडरमध्ये मागचं गवत खाली सरकून चौकटीबाहेर गेलं आणि त्या जागी एकदम निळं पसरलं. सलग, एकाही डागाशिवाय. ती पन्नासेक फुटांवरच्या तबेल्यावर पावसाळ्यासाठी घातलेली ताडपत्री होती. अख्ख्या मुंबईत जून ते सप्टेंबर दिसते, तीच निळी ताडपत्री. त्या निळ्यावर टाचणीच्या पोटाचा एकेक खंड सुटा दिसत होता, आणि मिटलेल्या पंखांच्या टोकाशी असलेले दोन काळे ठिपकेसुद्धा.

तो फोटो पाहून सर म्हणाले, "बघ, लेन्स बदलल्यावर कसा फरक पडला." हा ९० चा आहे असं मी सांगितलं, तर म्हणाले, "मग लकी शॉट." मला ते तेव्हाही लागलं आणि अजूनही लागतं. गुडघे टेकून वीस मिनिटं बसणं म्हणजे नशीब नव्हे.

तेव्हा फोटो काढायच्या आधी कीटकाकडे नव्हे, त्याच्या मागे बघायची सवय लावा. मागे दवाचे थेंब चमकत असतील तर जागा बदला. अॅपर्चर लहान केलं की प्रत्येक थेंबाचा षटकोन किंवा सप्तकोन होतो. कडक उन्हातली पाती धूसर झाली तरी दुहेरी रेघांसारखी दिसतात, काही लेन्समध्ये जास्तच, म्हणून मागे सावली शोधा. सरांचा दुसरा मंत्र होता, "एफ २.८ वर उघड." (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं.) मॅक्रोत हा सल्ला चुकीचाच आहे. फुलफ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) १:१ ला, म्हणजे कीटक सेन्सरवर खऱ्या मापाएवढा येतो तेव्हा, एफ ८ ठेवूनसुद्धा फोकसमध्ये जेमतेम एक मिलिमीटर येतो, २.८ वर त्याचाही तिसरा हिस्सा उरतो, म्हणजे एक डोळा लख्ख आणि दुसरा पुसलेला. एफ ८ किंवा ११ ठेवा, सेन्सर कीटकाच्या अंगाला समांतर धरा आणि मऊपणा मागच्या अंतरातून मिळवा. फ्लॅश मारणार असाल तर शटर थोडा हळू ठेवा, नाहीतर मागे प्रकाश पोचत नाही आणि दिवसाढवळ्या काळोख येतो.

आणि कृपा करून गवत कापू नका. सर खिशात छोटी कात्री ठेवायचे, "दोन पात्यांनी काय होतंय" म्हणायचे, आणि यावरून आमचं शेवटचं भांडण झालं. टाचणी पाण्याकाठच्या झाडोऱ्याच्या देठात अंडी घालते. ज्याला आपण पार्श्वभूमीतला अडथळा म्हणतो, ते तिचं बाळंतघर असू शकतं. मी कपड्याचे दोन चिमटे नेते. आडवं येणारं पातं हलकेच शेजारच्या पात्याला लावते आणि निघताना सोडते.

आता १५० च्या बाजूनेही सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. ९० वर १:१ ला लेन्सचं तोंड आणि कीटक यांत जेमतेम १०-१४ सेंटिमीटर राहतात. फुलपाखरं, चतुर (ड्रॅगनफ्लाय) तेवढ्यात उडून जातात. लांब लेन्सने तुम्ही मागे राहता, आणि उघड्या माळावर तिची बॅकग्राउंड नक्कीच सरस येते. माझी १८० मी विकलेली नाही, फुलपाखरांना तीच लावते. तुमचे विषय तसेच लाजरे असतील तर जरूर घ्या. पण तुम्ही गवतातली गिचमिड लिहिली आहे. त्यासाठी येत्या दोन रविवारी आहे ती ९० घेऊन गवतात बसा, एकाच कीटकाचे वीतभर वर, वीतभर खाली, डावीकडून, उजवीकडून फोटो काढा आणि ते इथे टाका. ताडपत्रीच्या त्या फोटोची मूळ फाइल माझ्याकडे अजून आहे, त्यात फोकल लेंग्थ ९० अशीच नोंदलेली आहे. तुमच्या फोटोंशेजारी मी ती लावीन.