शंभर डाव, पण खरे किती?

प्रश्न: लॅपटॉपवर दोन बुद्धिबळ इंजिनं (बुद्धिबळ खेळणारे प्रोग्रॅम) मूळ मांडणीपासून १०० डाव खेळवली. निकाल ५६-४४ लागला, पण बरेच डाव हुबेहूब सारखे निघाले. पहिलं इंजिन सरस समजायचं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: एवढ्यावर नाही. एकाच थ्रेडवर (प्रोसेसरवर एका वेळी एकच आकडेमोड), ठरावीक खोलीपर्यंत, म्हणजे पुढच्या ठरावीक खेळ्यांपर्यंत बघणारं इंजिन तीच खेळी पुन्हा निवडतं. तुमचे शंभर डाव खरे शंभर नाहीतच. ओपनिंग बुक (इंजिनाकडची सुरुवातीच्या तयार खेळ्यांची यादी) बंद करा. सहा-आठ खेळ्यांनंतरच्या ५० वेगवेगळ्या स्थिती फाइलमध्ये घ्या आणि प्रत्येक स्थिती रंग बदलून दोनदा खेळवा. क्यूटचेस या इंजिनांचे सामने लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यासाठी ‘रिपीट’ पर्याय आहे. रंग बदलला नाही तर घोळ होतो: किंग्ज गॅम्बिट या सुरुवातीत (१. ई४ ई५ २. एफ४) इंजिनांच्या मते काळं थोडं सरस, मग काळी सोंगटी ज्याला मिळाली त्याच्या खात्यावर फुकटचे गुण. अगदी समतोल स्थितीही नकोत, तगडी इंजिनं नुसती बरोबरी करत बसतात.

हॅश मेमरी (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची जागा) दोघांना सारखी द्या. प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करणं बंद ठेवा, नाहीतर दोघं एकाच प्रोसेसरवर झोंबतात.

५६-४४ म्हणजे सुमारे ४२ एलोचा फरक (एलो म्हणजे खेळाची ताकद मोजायचे गुण). निम्मे डाव बरोबरीत सुटले असं धरलं, तर १०० डावांत या आकड्यातली संभाव्य चूक ±४८ च्या आसपास, म्हणजे ४२ चा फरक नुसता योगायोगही असू शकतो. हजार डावांत ती ±१५ वर येते.