अलाइनमेंट ग्रीन आहे, तरी गाडी टायर खाते

प्रश्न : काका नमस्कार, मी ग्वाल्हेरचाच, लष्करला घर आहे. माझ्याकडे स्विफ्ट आहे, रोज ऑफिसला तीच नेतो आणि ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर ट्रॅक डे असला की तिथेही तीच. प्रॉब्लेम असा की पुढचे टायर बाहेरच्या किनारीने साफ होतात, त्यातही डावा जास्त, मधली नक्षी मात्र अजून छान उभी आहे. अलाइनमेंट दोनदा केली, दुकानवाला म्हणतो सगळं ग्रीन आहे. ट्रॅकवरचा मित्र म्हणतो मायनस तीन डिग्री कॅम्बर (चाकाचा उभा कल) टाक, बाबा म्हणतात असलं काही केलंस तर हायवेवरच टायर संपतील. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही अर्धं अर्धं ऐक.

आधी त्या ग्रीनचं बघू. मशीनच्या स्क्रीनवर जे हिरवं दिसतं ते कंपनीने रस्त्यासाठी दिलेल्या रेंजमध्ये आकडा बसला एवढंच सांगतं, ती रेंज बरीच रुंद असते आणि ती ठरवणाऱ्याच्या डोक्यात ऑफिसला जाणारी, चार माणसं आणि डिकीत सामान घेतलेली गाडी असते, १३०च्या स्पीडला लांबलचक वळण घेणारी नाही. त्यामुळे दुकानवाला खोटं बोलत नाहीये, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तरही देत नाहीये. पुढच्या वेळी हिरवं-लाल सोड आणि आधीचा व नंतरचा असे दोन्ही प्रिंटआउट माग. आकडा डिग्री-मिनिटात आहे की दशांशात तेही बघ, कारण ०°३०' म्हणजे अर्धी डिग्री आणि ०.३० म्हणजे फक्त १८ मिनिटं, इथे लोक कायम गंडतात.

आता डावा टायर जास्त का जातो ते. बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, १६ वळणांचं, आणि गाड्या घड्याळाच्या दिशेने फिरतात, म्हणजे एकूण हिशोबात उजवी वळणं जास्त आणि उजव्या वळणात सगळा भार डाव्या बाजूवर. त्यात ते दहा-अकरा नंबरचं बँकिंगवालं उजवं वळण आहे ना, संपतच नाही असं वाटणारं, तिथे तुझा पुढचा डावा टायर बिचारा सेकंदामागून सेकंद दाबला जातो. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेले, चाक धरणारे खांब) आहेत, त्यांची खोड अशी की बॉडी वळणात कलली की बाहेरचं चाकही बऱ्यापैकी तिच्याबरोबर कलतं. उभी असताना तुझ्या गाडीचा कॅम्बर शून्याच्या आसपास असणार, म्हणजे वळणात टायर सरळ बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो आणि तोच खांदा घासतो. निगेटिव्ह कॅम्बर म्हणजे चाकाचा वरचा भाग आधीच थोडा आत झुकवून ठेवायचा, की वळणात कलल्यावर टायर सपाट टेकेल. मित्र इथपर्यंत बरोबर आहे.

पण त्याचं मायनस तीन त्याच्या गाडीचं आहे. ट्रेलरवर जाणारी, सेमी-स्लिक (जवळजवळ नक्षी नसलेल्या, ट्रॅकच्या) टायरची गाडी असेल तर ठीक, तू मात्र तीच गाडी रोज ऑफिसला नेतोस. माझं मत विचारशील तर साध्या रोड टायरवर पुढे मायनस दीड ते मायनस दोनच्या मध्ये कुठेतरी थांब, दोन्ही बाजूंना सारखं. डावा जास्त जातो म्हणून एकट्या डाव्याला जास्त कॅम्बर देऊ नको, हायवेवर गाडी उजवीकडे ओढत राहील.

दुकानवाला म्हणेल की या गाडीत कॅम्बर अ‍ॅडजस्ट होत नाही, फक्त टो होतो, म्हणजे वरून बघितलं तर चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते. स्टॉक बोल्टवर ते खरंच आहे, जेमतेम काही मिनिटं हलतं. स्ट्रट जिथे दोन बोल्टने नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) बसतो तिथे एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट (फिरवले की चाकाचा कल बदलणारे) टाकले की साधारण एक-दीड डिग्री मिळते. त्याने टायरचा वरचा भाग स्ट्रटच्या जवळ येतो, तेव्हा रुंद टायर असेल तर मध्ये किती जागा उरली ते आधी बघ. स्ट्रटच्या वरच्या टोकाला बसणाऱ्या कॅम्बर प्लेटमध्ये हा त्रास नाही, तिथे अख्खा स्ट्रटच वरून आत सरकतो, पण खर्च आणि वरची खडखड दोन्ही वाढतं. एखादा मिस्त्री म्हणेल स्ट्रटचं भोक रेतून लांबट करून देतो, स्वस्तात होईल, त्याला हात जोड आणि दुसरीकडे जा. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायचे आणि वर पेंटची रेघ मारून ठेवायची, सरकला तर लगेच दिसेल.

बाबांचा मुद्दा. हायवेवर टायर खरा कोण खातं, तर टो. दीड डिग्री कॅम्बरने आतली बाजू थोडी लवकर जाते, नाही असं नाही, पण वाकडा टो त्याच्या कितीतरी पुढे आहे. हिशोब करून बघ, एका चाकाला ०.२ डिग्री टो-आउट (चाक पुढून बाहेर वळलेलं) असेल, म्हणजे दोन्ही मिळून १५ इंची रिमवर साधारण पावणेतीन मिलिमीटर, तर प्रत्येक किलोमीटरला ते चाक साडेतीन मीटर आडवं घासतं. ग्वाल्हेरहून आग्रा, पुढे यमुना एक्सप्रेसवे धरून ग्रेटर नोएडा, तीनशेच्या आसपास किलोमीटर, म्हणजे एका बाजूच्या प्रवासात प्रत्येक पुढचा टायर किलोमीटरभर आडवा फरफटला! ट्रॅकवर पोचायच्या आधीच. आणि निगेटिव्ह कॅम्बर असताना टो-आउट असेल तर ही सगळी घासाघीस आतल्या किनारीवर येते, लोक नाव मग कॅम्बरचं घेतात. तेव्हा टो शून्य ठेव. गाडी वळणात पटकन शिरावी म्हणून ट्रॅकवाले थोडा टो-आउट ठेवतात, तुला रोज चालवायची आहे, त्या भानगडीत पडू नको. टोने घासलेला टायर ओळखायचा तर नक्षीवरून तळहात आडवा फिरव, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर तो टो.

काम कुठल्या क्रमाने होतंय ते दुकानात उभा राहून बघ. आधी बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड यांत प्ले (ढिलेपणा) आहे का, प्ले असेल तर पुढचं सगळं वाया. मग हवा, पेट्रोल अर्धी टाकी, आणि ड्रायव्हर सीटवर तुझ्या वजनाइतकं काहीतरी, नाहीतर तूच बस. आधी कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, तिथे फिरवायला काही नाही, पण आकडे घेऊन ठेव, बीम वाकलेला असेल तर तिथेच कळेल.

यानंतर नवीन आकडा बरोबर आहे का हे टायरच सांगेल. प्रोबवाला पायरोमीटर (टायरला सुई टोचून तापमान मोजणारा) मिळाला तर सेशननंतर लगेच पिटमध्ये आतली किनार, मध्य आणि बाहेरची किनार अशा तीन जागी टोचून बघ. आतली बाजू बाहेरपेक्षा पाच-दहा डिग्री सेल्सिअस गरम असेल तर छान, बाहेरची गरम असेल तर कॅम्बर अजून कमी पडतोय, मध्य दोन्हींपेक्षा गरम असेल तर हवा जास्त आहे. इन्फ्रारेड गनने फक्त वरची कातडी मोजली जाते आणि ती लगेच गार होते, तिच्या आकड्यावर मी तरी विसंबत नाही. फुकटातला उपाय, टायरच्या खांद्यावर बुटाचं पांढरं पॉलिश लावून दोन-तीन लॅप मार. साइडवॉलवर खांद्याजवळ छोटा त्रिकोण असतो, पॉलिश त्याच्याही खालपर्यंत पुसलं गेलं तर टायर फार लोळतोय, हवा कमी आहे किंवा कॅम्बर.

आणि एक, रागावू नको. वळणात गाडी पुढून सरळ जायला लागली आणि तू स्टिअरिंग अजून अजून फिरवत राहिलास तर कुठलाच कॅम्बर तो खांदा वाचवणार नाही. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये ब्रेकिंगचा मोठा वाटा, वळणं आणि ओढणं सगळं त्याच दोन टायरांवर. ब्रेक थोडा आधी मार, स्टिअरिंग कमी फिरव.

प्रश्न : आमच्या मुलाचे टायर असेच एका बाजूने गेलेत, नक्षी अजून बरीच आहे. रिमवरून काढून उलटे लावता येतील का? (एक वाचक ताई, मुरार)

उत्तर : ताई, साइडवॉल वाचा. आउटसाइड किंवा इनसाइड असं लिहिलं असेल तर नाही, त्या टायरची बाजू ठरलेली आहे. नुसता फिरण्याचा बाण असेल तर रिमवर उलटा करून गाडीच्या दुसऱ्या बाजूला लावायचा, बाणही बरोबर राहतो आणि घासलेली किनार आत जाते. दोन्ही नसेल तर कसाही लावा. बॅलन्सिंग परत करावं लागेल, आणि आतून तारा दिसायला लागल्या असतील तर टायर टाकून द्या, मुलगा काहीही म्हणो.

प्रश्न : ट्रॅकसाठी नायट्रोजन भरल्याने टायर सारखे घासतात का?

उत्तर : साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा झालाच तर त्यात ओल नसते एवढाच, किनारीच्या घासण्याशी त्याचा संबंध नाही. त्यापेक्षा प्रेशर कधी मोजता ते बघा, ३२ पीएसआयचा टायर दर १० डिग्री सेल्सिअसला साधारण दीड पीएसआय चढतो. जानेवारीत ग्वाल्हेरच्या पहाटेच्या गारठ्यात भरलेली हवा दुपारी ट्रॅकवर वेगळीच निघते आणि लॅप मारल्यावर पाच-सहा पीएसआय आणखी वर. स्वतःचा गेज घ्या, सेशनहून आल्या आल्या गरम असतानाच मोजा आणि जास्तीची तिथेच सोडा. परतीच्या रस्त्याला लागायच्या आधी, टायर गार झाल्यावर, पुन्हा भरायला मात्र विसरू नका.